बोटीच्या पोटात काय असते?

आमच्या धाराशिव जिल्ह्याला समुद्र नाही. मुंबईचा समुद्र येथून सुमारे चारशे किलोमीटर दूर, आणि जिल्ह्यातल्या नद्या पाहाव्यात तर उन्हाळ्यात पाण्यापेक्षा वाळूच अधिक. अशा ठिकाणच्या माणसांनी जहाजाविषयी लिहावे याचे वाचकांना नवल वाटेल. पण दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या तेरचे, म्हणजे त्या वेळच्या तगर नगरीचे, कापड गाड्यांवर लादून भडोच बंदरात नेत आणि तेथून ते गलबतांनी पश्चिमेकडे जाई, असे त्या काळच्या एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहून ठेवले आहे. तेव्हा आपण दर्याला अगदीच परके आहोत असे नव्हे.

हा मजकूर आम्ही दोघा भावांनी मिळून लिहिला आहे. थोरल्याने तीस हंगाम साखर कारखान्यात बॉयलरवर आणि पंपांवर काढले. धाकटा आयटीआयचा फिटर होऊन मुंबईस गेला, गोदीत दुरुस्तीच्या कामावर राहिला आणि पुढे बावीस वर्षे मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये आधी वायपर, मग ऑइलर, शेवटी फिटर म्हणून राबला. आज दोघेही घरी आहोत. यंदा आमच्या बहिणीचा मुलगा आयटीआय पास झाला आणि एका एजंटाने त्याला बोटीवर नोकरी लावून देतो म्हणून चार लाख रुपये मागितले. बहीण दोन तोळे सोने मोडायला निघाली. पैशाचे पुढे पाहू, पण भाच्याने आम्हांला जो प्रश्न विचारला तो मोलाचा होता. तो म्हणाला, "मामा, बोटीवर मोठं इंजिन असतंय ते कळलं. पण ते सोडून असतंय तरी काय? एजंट म्हणतो, तिथं काहीच काम न्हाई, नुसतं घड्याळं बघत बसायचं."

त्याला जे सांगितले तेच येथे लिहीत आहोत, कारण असे भाचे प्रत्येक वस्तीत आहेत.

मालवाहू जहाजाचे मुख्य इंजिन एक. ते तीन-चार मजली घराएवढे उंच असते आणि पंखा फिरवते, एवढेच त्याचे काम. पण हे इंजिन स्वतः होऊन सुरू होत नाही, स्वतःला थंड ठेवू शकत नाही, आपले तेल आपण गाळून घेऊ शकत नाही. त्यासाठी त्याच्या भोवती पाच-पन्नास लहानमोठी यंत्रे अहोरात्र चालतात. वीज करणारे जनरेटर, हवा दाबणारे कॉम्प्रेसर, तेल साफ करणारे प्युरिफायर, वाफेचा बॉयलर, गोडे पाणी करणारे यंत्र, नाना तऱ्हेचे पंप, सुकाणू वळवणारी तेलदाबाची यंत्रणा, भाजीपाल्याची शीतगृहे, मैला शुद्ध करणारा संच. या सर्वांना मिळून सहायक यंत्रे म्हणतात. मुख्य इंजिन बंद पडले तरी जहाज तरंगत राहते व माणसे जेवतात-झोपतात. ही बारकी यंत्रे बंद पडली तर मात्र काही तासांत माणसांचे जगणे कठीण होते.

साखर कारखान्यात काम केलेल्या माणसाला यातले निम्मे ओळखीचे आहे, ही गोष्ट आमच्या ध्यानात फार उशिरा आली. धाकटा पहिल्या सफरीवरून परतला तेव्हा त्याने प्युरिफायरचे वर्णन केले. बोटीचे जड तेल डांबरासारखे घट्ट असते. टाकीत ते चाळीस-पन्नास अंशांवर ऊन ठेवावे लागते, नाहीतर पंप ते ओढतच नाही. पुढे ते सुमारे ९८ अंशांपर्यंत तापवून एका बंद भांड्यात घालतात. ते भांडे मिनिटाला कित्येक हजार फेरे घेते. पाणी व गाळ जड म्हणून बाहेरच्या कडेला जातात, स्वच्छ तेल आतल्या बाजूने निघते. थोरला हे ऐकून म्हणाला, "ही तर आपली सेंट्रिफ्यूगल मशीन झाली! आम्ही फिरवून मळी बाहेर टाकतो अन् साखर आत ठेवतो." तेव्हापासून आमच्या घरी हा खेळच झाला. एकाने दर्यावरचे यंत्र सांगावे, दुसऱ्याने कारखान्यातले त्याचे भावंड शोधावे.

सगळ्यांत सुंदर जोडी जुळली ती पाण्याची.

आपल्या भागातल्या माणसाला पाण्याविषयी वेगळे सांगावयास नको. १९७२ चा दुष्काळ आमच्या वडिलांनी खडी फोडून काढला. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, पहिल्या गाडीला दहा वाघिणी आणि त्यांत पाच लाख लिटर पाणी, ही आठवण अजून ताजी आहे. समुद्रावर तर चहूकडे पाणीच पाणी आणि पिण्यास थेंब नाही. तेथे जहाज आपले पाणी आपण तयार करते, आणि त्यासाठी वेगळे जळणही फारसे जाळीत नाही.

ते असे. मुख्य इंजिन थंड ठेवण्यासाठी त्याच्याभोवती गोडे पाणी खेळवलेले असते. इंजिनातून बाहेर येताना ते ऐंशी-पंच्याऐंशी अंश तापलेले असते. ही उष्णता एरवी वायाच जाणार. आता समुद्राचे पाणी उकळवायला शंभर अंश लागतात, मग ऐंशीत कसे उकळावे? तर बंद भांड्यातली हवा ओढून घ्यावयाची. हवेचा दाब कमी झाला की पाणी पन्नास अंशांच्या आसपासच उकळू लागते. वाफ वर जाते, मीठ खाली राहते. वरती थंड समुद्रपाण्याच्या पत्र्यांवर ती वाफ निवते व गोडे पाणी ठिबकू लागते. साखर कारखान्यात रस आटवायचे पॅन नेमके याच युक्तीवर चालतात. हवा ओढून घेतली की रस कमी आचेवर उकळतो आणि साखर करपत नाही. कारखान्यात वाफ टाकून रस ठेवतात, बोटीवर खारे पाणी टाकून वाफ ठेवतात, एवढाच फरक. थोरल्याने हे ऐकले तेव्हा त्याने तंबाखूची चिमूट हातातच ठेवून धाकट्याला सगळे पुन्हा सांगावयास लावले.

साधारण मालवाहू जहाजावर असे यंत्र दिवसाला वीस-तीस टन पाणी देते. एक टन म्हणजे हजार लिटर. आपल्या गावात येणाऱ्या टँकरच्या हिशेबाने दोन-तीन टँकर झाले, आणि जहाजावर माणसे वीस-पंचवीस. निघणाऱ्या पाण्याचा खारटपणा मोजणारे एक उपकरण तेथे सतत पहारा देते. मीठ ठरलेल्या मर्यादेवर गेले की पाणी टाकीत न जाता आपोआप बाहेर वळते. किनाऱ्याजवळ मात्र हे यंत्र पिण्याच्या पाण्यासाठी चालवीत नाहीत, कारण तेथे समुद्रात गटारांची घाण मिसळलेली असते व पन्नास अंशांच्या उकळीत सगळे जंतू मरत नाहीत. पाणी पुढे निर्जंतुक करून, त्यात क्षार मिसळून पिण्यास देतात. धाकट्याला या सर्वांत जास्त कशाचे अप्रूप वाटले असेल तर याचे, की कॅप्टन आणि वायपर एकाच टाकीतले पाणी पितात. आमच्या आजीने गावच्या आडावर, कोणी वरून ओतील म्हणून घागर घेऊन तासन्‌तास वाट पाहिली होती. तिला हे सांगितले असते तर तिने ते खरे मानले नसते.

आता मैल्याविषयी. घरच्या पानावर हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. आपल्या घरांत तो नाही तर कोणाच्या घरात असावयाचा?

वाफेच्या बोटींच्या काळात हिंदी खलाशांची उतरंड ठरलेली होती. डेकवर सारंग, टिंडेल, कसाब, खलाशी. खाली तेलवाले, आगवाले, कोळसेवाले. आणि सर्वांच्या शेवटी टोपाज, म्हणजे झाडूवाला. संडास, मोऱ्या, घाण हे त्याचे काम, आणि त्या कामावर कोणत्या जातीचा माणूस घेत हे सांगावयास नको. बाबासाहेब ४ ऑक्टोबर १९३० रोजी पहिल्या गोलमेज परिषदेसाठी मुंबईहून 'व्हाइसरॉय ऑफ इंडिया' या बोटीने निघाले. ती बोट त्या काळचे नवल होते. वाफेच्या टर्बाइनने वीज करावयाची आणि विजेच्या मोटारीने पंखा फिरवावयाचा, अशी तिची रचना होती. पण तिच्या मालक पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर हीच हिंदी खलाशांची पद्धत होती, आणि वर परिषदेची कागदपत्रे वाचली जात असताना खाली मोऱ्या धुणारे हात आपल्याच देशातले होते, हा विचार आमच्या मनातून जात नाही.

आजच्या मालवाहू जहाजावर मैला शुद्ध करण्याचा संच असतो. त्यात जंतू पाळलेले असतात व तेच मैला खातात. जंतूंना हवा लागते म्हणून ब्लोअर अखंड चालू ठेवावयाचा. संडासात तेजाब वा कडक पावडर ओतावयाची नाही, नाहीतर जंतू मरतात व सारी बोट घाणीने भरते. शेवटी पाणी निवळून, निर्जंतुक करून सोडावयाचे. हा संच कोणाकडे असतो? बहुधा चौथ्या इंजिनिअरकडे. तो इंजिनिअर परीक्षा देऊन आलेला, कोणत्याही जातीचा, केरळचा असेल नाहीतर फिलिपिन्सचा. पंप तुंबला तर हातमोजे, चष्मा, एप्रन चढवून तोच उघडतो आणि काम झाले की अंघोळ करून सर्वांबरोबर जेवावयास बसतो. त्याला कोणी दूर बसा म्हणत नाही. ते एक यंत्र आहे, एवढाच त्याचा अर्थ.

आणि टाकीत उतरावयाचे असेल तर? येथे वाचकांनी थोडे थांबून वाचावे अशी विनंती आहे. बंद टाकी दिसायला स्वच्छ असते. पण नुसत्या लोखंडाला गंज चढला तरी तो गंज आतला प्राणवायू खाऊन टाकतो. मैल्याच्या टाकीत विषारी वायू साठतो. चांगल्या हवेत प्राणवायू २०.९ टक्के असतो. बोटीवर टाकीचे झाकण उघडून आधी ब्लोअरने हवा भरतात. मग मीटर सोडून वरची, मधली, तळाची हवा मोजतात. मग लेखी परवाना भरून अधिकारी सही करतो. झाकणाशी एक माणूस दोरी, श्वासाचे नळकांडे व वॉकीटॉकी घेऊन उभा राहतो आणि आतला माणूस बाहेर येईपर्यंत हलत नाही. आत कोणी पडला तरी त्या माणसाने धावत आत जावयाचे नाही, कारण दुसरा मुडदा पडतो तो असाच. २०१५ च्या जानेवारीपासून जगातल्या जहाजांवर याची दर दोन महिन्यांनी तालीम घेणे सक्तीचे आहे. इतके करूनही माणसे मरतात.

आपल्याकडे विहिरीत डिझेल पंप चालवून गाळ काढावयास उतरलेली माणसे धुराने गुदमरतात आणि त्यांना काढायला उतरलेला भाऊही मरतो. शहरात कमरेला दोर बांधून माणूस गटारात सोडतात. हाताने मैला साफ करून घेण्यास व साधनांवाचून गटारात माणूस उतरवण्यास बंदी करणारा कायदा २०१३ साली झाला. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने गटारात मेलेल्यांच्या वारसांना १० लाख रुपये देण्याचा हुकूम केला आणि २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये ती रक्कम ३० लाख केली. तो मीटर, तो ब्लोअर, तो परवान्याचा कागद जहाजावर रोज वापरात आहे. तो नगरपालिकेच्या गटारावर पोचत नाही, याला यंत्राची अडचण कारण आहे असे आम्हांला वाटत नाही.

भाचा वायरिंगचा शौकीन, म्हणून त्याला विजेचे अधिक सांगितले. जहाजावर बहुधा तीन जनरेटर असतात. वीज ४४० व्होल्टची. ते सगळे बंद पडले तर इंजिनरूमच्या बाहेर उंचावर ठेवलेला आणीबाणीचा जनरेटर ४५ सेकंदांत चालू झाला पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. मोठे इंजिन सुरू करण्यास बॅटरी पुरत नाही, त्याला सुमारे ३० किलो दाबाची हवा लागते. ट्रकच्या टायरमध्ये आठ किलो असते, यावरून अंदाज करावा. पुढे-मागे चालणाऱ्या इंजिनासाठी हवेच्या बाटल्यांत न भरता बारा वेळा सुरू करण्याइतकी हवा साठवलेली असावी लागते. पंप बंद, तर थंड पाणी बंद, तर इंजिन स्वतःला वाचवण्यासाठी थांबते. आणि सुकाणूसुद्धा विजेवरच फिरते.

हे एका ओळीत कसे घडते ते अमेरिकेत बाल्टिमोर येथे २६ मार्च २०२४ च्या मध्यरात्रीनंतर दिसले. 'डाली' नावाचे जवळजवळ तीनशे मीटर लांबीचे कंटेनर जहाज बंदरातून निघाले होते. त्यावरचे बहुतेक खलाशी भारतीय होते. एकाएकी सारे जहाज अंधारात गेले. पाण्याचे पंप थांबले, त्याबरोबर मुख्य इंजिन थांबले. खालच्या लोकांनी धावपळ करून दिवे आणले, तोच पुन्हा अंधार झाला. जनरेटरांना तेल पुरवण्यासाठी जो पंप लावला होता तो वीज गेल्यावर आपणहून पुन्हा सुरू होणारा नव्हता, आणि तेलावाचून जनरेटर बसले. काही मिनिटांत जहाज फ्रान्सिस स्कॉट की पुलाच्या खांबावर आदळले व पूल कोसळला. पायलटने आधी खबर दिल्यामुळे पोलिसांनी वाहने अडवली. पण पुलावर रात्रपाळीला खड्डे बुजवणारे मजूर होते. त्यांतले सहा जण मेले. परदेशातून पोटासाठी आलेले ते रस्त्याचे कामगार होते.

अमेरिकन तपास यंत्रणेने २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये कारण सांगितले. एका तारेच्या टोकाशी नाव लिहिलेली जी बारीक पट्टी असते ती जागेवर नीट बसवलेली नव्हती. त्यामुळे तार खोबणीत पुरती शिरली नव्हती. ती सैल झाली आणि ब्रेकर पडला. आयटीआयच्या पहिल्या वर्षी मास्तर जे शिकवतात, तार लावल्यावर ओढून पाहा, ते येथे राहिले होते. भाच्याला ही हकीकत सांगितली तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे मामा, नुसतं घड्याळ बघायचं काम न्हाई हे."

आणखी एक यंत्र सांगितल्यावाचून त्याला पाठवणार नव्हतो. इंजिनरूमच्या तळाशी तेल-पाणी साठते, त्याला बिल्ज म्हणतात. ते समुद्रात टाकण्याआधी विभाजकातून काढावे लागते आणि दहा लाख भागांत तेलाचे पंधरा भाग याहून जास्त असता कामा नये. काही ठिकाणी खर्च व कटकट वाचवण्यासाठी रात्री चोरपाइप जोडून तेलपाणी तसेच सोडतात. पाइप जोडावयास सांगतात ते फिटरला किंवा वायपरला. पकडले गेल्यावर परदेशी तुरुंगात बसण्याची पाळीही खालच्या माणसावर येऊ शकते. २०१६ साली एका बड्या प्रवासी जहाज कंपनीला अमेरिकेत चार कोटी डॉलर दंड भरण्याचे कबूल करावे लागले. तेथे चोरपाइपची खबर देणारा एक नवा भरती झालेला इंजिनिअर होता. धाकट्याला एकदा एका जहाजावर असा पाइप जोड म्हणून सांगितले गेले. त्याने लेखी हुकूम मागितला. हुकूम कधीच आला नाही, आणि पुढच्या करारासाठी त्याला सात महिने घरी बसावे लागले. ते सात महिने थोरल्याच्या पगारावर निघाले.

राहिला एजंट. बोटीवर खालच्या जागेसाठी दहावी पास मुलाला सहा महिन्यांचे निवासी शिक्षण घ्यावे लागते. ती संस्था मुंबईच्या नौवहन महासंचालनालयाने मान्य केलेली असली पाहिजे. शिक्षणाची फी संस्थेला द्यावी लागते, तिची पावती मिळते. नोकरी लावून देण्याबद्दल मात्र खलाशाकडून पैसे घेण्यास भरती करणाऱ्या कंपन्यांना २०१६ च्या नियमांनी मनाई आहे, आणि अशा प्रत्येक कंपनीला महासंचालनालयाचा परवाना क्रमांक असतो. आमच्या ओळखीच्या एका घराने हे न पाहता पैसे भरले होते. मुलाला परदेशात एका मोडक्या बोटीवर नेऊन सोडले, पाच महिने पगार नाही. तो परत आला तेव्हा त्याच्या आईने त्याला ओळखायला क्षणभर घेतला.

भाच्याने एजंटाला फोन करून परवाना क्रमांक आणि चार लाखांच्या पावतीचा नमुना मागितला. "उद्या पाठवतो," असे तो म्हणाला. त्याला आता तीन आठवडे झाले. बहिणीने सोने पुन्हा डब्यात ठेवले आहे. भाच्याने मान्य संस्थेचा अर्ज आणला आहे, डोळ्यांची तपासणी करून घेतली आहे, रंग नीट ओळखतो असा दाखला मिळाला आहे. गळीत हंगाम सुरू आहे तोवर तो थोरल्याच्या ओळखीने कारखान्याच्या पंपहाउसमध्ये बिनपगारी शिकतो. रोज रात्री घरी आला की कोणत्या व्हॉल्व्हने काय बंद होते ते वहीत आकृती काढून आम्हांला दाखवतो. परवा त्याने पॅनची आकृती काढली आणि खाली पेन्सिलीने लिहिले होते, यात समुद्राचे पाणी घातले तर?